उपशाचा पंप : खाणीपासून तळघरापर्यंत

इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या खाली किंवा जमिनीखालच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात मुद्दाम एक खड्डा ठेवलेला असतो. सगळ्या फरशीचा उतार त्याच्याकडे काढलेला असतो. भिंतींतून पाझरलेले आणि उताराने वाहत आलेले पाणी त्यात जमते, आणि खड्ड्यातला विजेचा पंप ते उचलून वरच्या गटारात सोडतो. इंग्रजीत या खड्ड्याला ‘संप’ म्हणतात. शब्द मूळचा उत्तर जर्मनी आणि हॉलंडकडच्या बोलींतला, अर्थ दलदल. इमारतींत तो खाणींतून आला. खाणीच्या उभ्या विहिरीच्या तळाशी चहूकडचे पाणी गोळा व्हावे म्हणून जो खोलगट भाग ठेवत, तो संप. मराठीत संप म्हणजे काम बंद ठेवणे. या खड्ड्याला लोक खड्डाच म्हणतात, हौद म्हणतात, मोठ्या योजनांत जॅकवेल म्हणतात. कामाला मात्र मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे : उपसा.

उपशाचा पंप दिसायला बादलीएवढा असतो. पण त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग कुठल्या तरी जुन्या अडचणीतून किंवा अपघातातून आलेला आहे. तो भाग कशासाठी आला हे माहीत असले, की पंप बिघडल्यावर कुठे पाहायचे आणि कुठे हात घालायचा नाही, हे आपोआप उलगडत जाते.

खाण जितकी खोल, तितके पाणी जास्त. रोमनांनी स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींत लाकडी पाणचक्रे एकावर एक बसवून पाणी टप्प्याटप्प्याने वर काढले. जर्मन विद्वान आग्रिकोला याचा ‘दे रे मेटालिका’ हा खाणविद्येवरचा ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी निघाला. त्यात पाणी उपसण्याच्या यंत्रांची लाकूडठशांतली चित्रे आहेत : साखळीला लावलेले डोल, पोहऱ्यांची चाके, दट्ट्याचे पंप. यातल्या दट्ट्याच्या पंपाने एक कोडे घातले. कितीही जोर लावला तरी एका उंचीनंतर पाणी वर येईना. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात ही मर्यादा नोंदवली आहे : अठरा ब्राच्चो, म्हणजे सुमारे साडेदहा मीटर. उत्तर त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीने दिले. पंप पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्या दाबात जेवढी ताकद, तेवढेच पाणी चढणार. पुस्तकात ही मर्यादा दहा मीटरच्या थोडी वर असली, तरी प्रत्यक्ष कामात सात-आठ मीटरलाच दम संपतो, आणि पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या ठिकाणी आणखी थोडा आधी. पुढच्या तीनशे वर्षांत पंप कुठे बसवायचा, याचा सगळा हिशेब या एका आकड्याभोवती फिरत राहिला.

वाफेचे यंत्र जन्मले तेही याच कामासाठी. टॉमस सेव्हरीने १६९८ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राला ‘खाणकामगाराचा मित्र’ असे नाव दिले होते, पण वाफेच्या दाबाने त्याचे सांधे निखळत. टॉमस न्यूकोमेनचे यंत्र १७१२ मध्ये इंग्लंडातल्या डडली किल्ल्याजवळच्या कोळशाच्या खाणीवर चालू झाले. मिनिटाला बारा हेलकावे, दर हेलकाव्याला दहा गॅलन पाणी, सुमारे ४६ मीटर खोलीवरून. जेम्स वॉटने सुधारलेले इंजिन सगळ्यांना माहीत असते. त्याचा पूर्वज खड्ड्यातले पाणी उपसणारे यंत्र होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

महाराष्ट्राच्या काळ्या कातळातल्या विहिरींवर या सगळ्या काळात मोट चालत होती. मोट पाणी शोषत नाही, उचलते, म्हणून तिला हवेच्या दाबाची मर्यादाच नाही. कातड्याच्या मोटेचे तोंड नाड्याला, म्हणजे जाड दोराला, आणि सोंड सोंदुराला, म्हणजे बारीक दोराला, बांधलेली असे. बैल धावेवरून उतरू लागले की मोटकरी नाड्यावर बसून आपलाही भार घाली, मोट काठावर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाने मळ्याकडे धावे. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ मध्ये बांधवली. न्यूकोमेनचे पहिले इंजिन आणि ही विहीर यांत सात ते बारा वर्षांचेच अंतर आहे. मोट संथ होती आणि बैलांना फार राबवत होती. पण तिचा एक गुण पुढच्या कोणत्याच यंत्रात आला नाही : तिचा बिघाड डोळ्यांना दिसे. नाडा झिजला, कातडे फाटले, चाकाचा कणा करकरू लागला, तर मोटकऱ्याला ते मोडण्याआधी कळत असे.

दट्ट्याच्या जागी गरगर फिरणारा पंखा लावून पाणी बाहेर फेकायचे, ही कल्पना दनी पापँने १६८९ मध्येच मांडली होती. वक्र पात्यांचा कार्यक्षम पंप जॉन ॲपोल्डने १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात दाखवला, आणि त्याच वर्षी त्याच्या पंपाने इंग्लंडातले व्हिटल्सी मियर हे विस्तीर्ण तळे कोरडे केले. असा सेंट्रिफ्यूगल पंप महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या हाती पडायला विसावे शतक उजाडावे लागले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे १९२० च्या दशकात पंप ओतले जाऊ लागले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात निघाली. इंजिन-पंपाची जोडी विहिरीवर आली तशी मोट हळूहळू अडगळीत गेली.

नव्या यंत्राबरोबर नवी भाषा आली. हा फिरता पंखा नळीतली हवा काढून टाकू शकत नाही. त्याच्याभोवती पाणी भरलेले असले तरच तो काम करतो. म्हणून चालू करण्याआधी पंप पाण्याने भरून घ्यावा लागतो, आणि भरलेले पाणी उतरू नये म्हणून खालच्या टोकाला फूटव्हॉल्व लागतो. खेड्यात त्याचा सर्रास ‘फुटबॉल’ झाला. त्यात काडी अडकली, चामड्याची चकती झिजली की ‘पाणी उतरलं’. मग शेतकरी शेणकाला कालवून पंपात ओतत. शेणातला तंतुमय गाळ झडपेच्या फटी बुजवी आणि पंप पाणी धरी. दांडा पंपातून बाहेर येतो तिथल्या ग्लँडमधून थेंब थेंब गळती असावी, फार नसावी. ती अजिबात थांबली तर दांडा तापतो, हेही अनुभवानेच कळले. आजच्या उपशाच्या पंपात फूटव्हॉल्व नसतो, कारण पंपच पाण्यात बुडालेला असतो. पण वर जाणाऱ्या पाइपावर नॉन-रिटर्न व्हॉल्व असतो. काम एकच : चढवलेले पाणी परत खड्ड्यात येऊ न देणे. पंप थांबताच पाइपातले पाणी धबाधबा उलटे येत असेल आणि दोन मिनिटांत पंप पुन्हा सुरू होत असेल, तर दोष मोटरचा नसतो, या झडपेचा असतो.

सात-आठ मीटरच्या मर्यादेने विहिरींवर वेगळाच प्रश्न उभा केला. पाणी त्याहून खाली गेले की पंपालाही खाली न्यावे लागे. विहिरीच्या आत कडेला खोबण कोरून किंवा तुळया टाकून त्यावर इंजिन बसवत. धूर वर निघायला जागा नसे. इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन आणि गंधहीन. खाली उतरलेला माणूस काही कळायच्या आत भोवळ येऊन पडे, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. वीज आल्यावर धुराचा धोका गेला. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ चे, राज्य वीज मंडळ १९६० चे, कोयनेचा पहिला टप्पा १९६२ चा. त्यानंतरच्या दशकांत खेड्यापाड्यांत विहिरीवर मोटर बसली. पण तीही विहिरीच्या आतल्या कट्ट्यावरच. पावसाळ्यात पाणी रात्रीतून चढले की मोटर बुडे, वायंडिंग जळे आणि ती खांद्यावर घेऊन तालुक्याच्या गावी रिवायंडिंगला न्यावी लागे. दरवर्षी मृग लागण्याआधी मोटर वर ओढून ठेवणे हे कामच होऊन बसले.

बुडणारी मोटर वाचवायची कशी, याचे उत्तर म्हणजे ती मुळातच बुडवून ठेवायची. तिफ्लिसला जन्मलेले अभियंते अर्माइस अरुतुनॉफ यांनी तेलविहिरींसाठी सबमर्सिबल मोटर घडवली आणि १९३० मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात कारखाना उभा केला. बांधकामाच्या आणि खाणीच्या खड्ड्यांतला गढूळ पाण्याचा उपसा करणाऱ्या सबमर्सिबल पंपाचा पूर्वावतार स्वीडनमध्ये सिक्स्टन एंगलेसन यांनी १९४७ च्या सुमारास तयार केला. आज तळघराच्या खड्ड्यात बसतो तो पंप याच घराण्यातला. मोटर खाली पाण्यात असल्याने शोषणाची मर्यादा उरली नाही, पाणी भरण्याची कटकट गेली, आणि भोवतालचे पाणीच मोटर थंड ठेवू लागले.

या शेवटच्या सोयीचीच किंमतही आहे. खड्डा आटल्यावर पंप कोरडा फिरत राहिला तर तो तापतो, आणि फिरत्या दांड्याभोवतीचे मेकॅनिकल सील जळते. ते सील म्हणजे पाणी आणि वीज यांच्यामधली पातळशी भिंत. ते गेले की पाणी वायंडिंगपर्यंत पोचते. तेल भरलेल्या मोटरचे सील सुटले तर खड्ड्यातल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. तो दिसताच पंप बंद करून वर काढायला हवा. एरवी बिघाड दिसतच नाही. मोटेचा झिजलेला नाडा डोळ्यांपुढे असे, इथे सगळे पाण्याखाली. म्हणून तपासणी ठरवून, वेळच्या वेळी करावी लागते. वायंडिंग आणि जमीन यांतला इन्सुलेशनचा रोध मेगरने मोजतात. तो एक मेगाओहमच्या खाली उतरला असेल, तर मोटर फिरत असली तरी ती पाण्यात ठेवण्याजोगी राहिलेली नसते.

पाणी आणि वीज एका खड्ड्यात आणण्याचा धोका ओळखला तोही खाणींनी. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात होत. ते टाळण्यासाठी आंरी रुबिन यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास गळती पकडणारे संवेदनशील स्विच बनवले. अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विजेचा मानवी शरीरावरचा परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासून १९६१ मध्ये असेच उपकरण तयार केले. तत्त्व साधे आहे. मोटरकडे जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत यायला हवा. कमी आला, तर उरलेला कुठून तरी जमिनीत जातो आहे, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून. फरक ३० मिलीअँपिअरचा झाला तरी हे उपकरण सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. साध्या फ्यूजला हे जमत नाही. पाच अँपिअरचा फ्यूज मोटर आणि तारा वाचवण्यासाठी असतो. माणूस मरायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा प्रवाह पुरतो.

हे उपकरण वारंवार पडू लागले की ते काढून टाकण्याची, किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालण्याची वाईट खोड सगळीकडे दिसते. पंप त्याने चालतो, पण बिघाड तसाच राहतो आणि तो सांगणारे एकमेव साधन मुके होते. उपकरण पडते आहे याचा अर्थ केबलला चीर गेली आहे, सांध्यात पाणी शिरले आहे किंवा सील सुटले आहे. केबलला चीर जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पंप केबलला धरून उचलणे. त्यासाठी पंपाला वेगळी कडी असते. दोर किंवा साखळी तिलाच बांधायची. अर्थिंगची तार पाण्याच्या पाइपाला गुंडाळण्याची जुनी रीत लोखंडी पाइपाच्या काळातही भरवशाची नव्हती. पाइप प्लास्टिकचा झाल्यावर तिला काहीच अर्थ उरला नाही.

आपोआप चालू होण्याची सोय साधी आहे. खड्ड्यात तरंगता फ्लोट असतो. पाणी चढले की तो वर उचलला जातो आणि स्विच लागतो, उतरले की सुटतो. विहिरीवरच्या मोटरला रात्री-बेरात्री वीज येते म्हणून शेतकऱ्यांनी बसवलेला ऑटो स्विच हा याचाच भाऊ. दोन्हींतला धोका एकच. बंद दिसणारे यंत्र बंद नसते, वाट पाहत असते. पंख्यात अडकलेली चिंधी काढायला हात घातला आणि तेवढ्यात वीज आली किंवा फ्लोट हलला, तर बोटे जातात. म्हणून खड्ड्याकडे वळण्याआधी मेन स्विच पाडणे, प्लग किंवा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवणे आणि स्विचवर काम चालू असल्याची पाटी लावणे ही कारखान्यांतली शिस्त घरच्या पंपालाही लागू आहे. सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर पुरवठा तोडल्यावरही काही वेळ भार धरून राहतो. त्याला वायरमनखेरीज कोणी हात लावू नये. तळघरातले पाणी स्विचबोर्डापर्यंत चढले असेल तर खाली उतरायचेच नाही. पुरवठा मीटरच्या खोलीतून तोडला गेल्याची खात्री झाल्यावरच पुढचे.

बिघाड शोधण्याचा क्रमही अनुभवाने घडत गेला आहे. पंप अजिबात हलत नसेल तर आधी पुरवठा, मग फ्लोट. फ्लोट खड्ड्याच्या भिंतीला किंवा पाइपाला अडकणे हे सर्वांत साधे आणि वारंवार आढळणारे कारण. मोटर नुसती घुमते पण फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर गेलेला असतो किंवा पंख्यात दगड, प्लास्टिक अडकलेले असते. अशा वेळी ती तशीच चालू ठेवली तर काही मिनिटांत जळते. थ्री फेज मोटरचा एक फेज गेला तरी हेच होते. मोटर फिरते पण पाणी येत नाही, तेव्हा पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने भरली आहे का पाहावे, नाहीतर पंपाने हवा धरलेली असते. पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व यांच्यामधल्या पाइपाला तीनेक मिलिमीटरचे भोक ठेवतात ते ही हवा निघून जावी म्हणून, आणि ते गाळाने बुजते. थ्री फेज जोडणी दुरुस्तीनंतर उलटी झाली, तर पंखा उलटा फिरून पाणी अगदीच कमी देतो. कोणत्याही दोन फेजांची अदलाबदल केली की दिशा सुधारते, पण ते काम परवानाधारक वायरमनचे.

एक धोका विजेपेक्षाही जुना आहे. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत उतरण्याआधी जुने लोक जळता कंदील दोराने खाली सोडत. तो विझला तर कोणी उतरत नसे. ही परीक्षा प्राणवायू कमी असल्याचे सांगते, पण मैल्याच्या खड्ड्यात साठणारा हायड्रोजन सल्फाइड किंवा इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारण्याइतका असला तरी कंदील जळत राहू शकतो. आणि जिथे मिथेन साठला असेल तिथे कंदिलानेच स्फोट होईल. कोळशाच्या खाणींत असे स्फोट होत, म्हणूनच हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये जाळीचा सुरक्षित दिवा बनवला. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो; मात्र प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. सांडपाण्याच्या टाक्या साफ करायला माणसांना उतरवून कितीतरी जीव गेले, अजूनही जातात. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. सबमर्सिबल पंप साखळीने वर ओढता येतो. दुरुस्तीसाठी खाली उतरण्याची गरजच पडू नये, हीच त्याच्या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

शहरांना उपशाची गरज किती आहे ते २००५ ने दाखवले. २६ जुलै रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईची पावसाळी गटारे उताराने समुद्रात जातात, आणि भरतीच्या वेळी समुद्रच त्यांच्या तोंडाशी चढतो. तेव्हा पाण्याला जायला वाट नसते. विजेचा धक्का बसून आणखी माणसे जाऊ नयेत म्हणून उपनगरांतला पुरवठा बंद ठेवावा लागला. म्हणजे पंपांची गरज सर्वांत जास्त असताना त्यांना वीज नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेत कॅटरिना वादळ आले. न्यू ऑर्लीन्सला लागून असलेल्या जेफरसन पॅरिशमध्ये पंप चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेसाठी दूर हलवले होते. पंप बंद राहिले आणि त्यांच्याच वाटेने पाणी उलटे वस्तीत शिरले.

मुंबईत त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर असे पावसाळी उदंचन प्रकल्प उभे राहिले. भरती आली की झडपा लावून समुद्र बाहेर रोखायचा आणि आतले पाणी पंपांनी त्याच्यावरून फेकायचे, ही त्यांची रीत. हिंदमाताच्या सखल भागासाठी दादर आणि परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या. रस्त्यावरचे पाणी आधी त्यांत उतरवायचे आणि गटारांत जागा झाली की उपसायचे. खाणीच्या तळाशी ठेवलेल्या खोलगट भागाची योजना इथे मैदानाएवढी झाली.

इमारतीच्या तळघरासाठी २००५ चा धडा स्विचबोर्ड आणि जनित्र यांच्या जागेविषयीचा आहे. तोच धडा पुढे जपानमध्येही मिळाला : तिथल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राची बहुतेक डिझेल जनित्रे तळघरांत होती. मार्च २०११ मध्ये त्सुनामीचे पाणी तिथे शिरले, जनित्रे बंद पडली आणि थंड पाणी फिरवणारे पंप थांबले. उपशाच्या पंपाचा स्विच, गळती पकडणारे उपकरण आणि पर्यायी विजेची सोय ही सगळी तळघराच्या वर, पुराच्या पातळीपासून उंच हवीत. दोन पंप असतील तर ते आलटून-पालटून चालवले जातात, म्हणजे नुसता राखून ठेवलेला पंप गंजून अडकत नाही. मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, खड्ड्यातला गाळ काढून, जाळी धुऊन, त्यात बादल्यांनी पाणी ओततात आणि फ्लोट उचलला जातो का, पंप सुरू होतो का, पाणी शेवटपर्यंत चढते का आणि पातळी उतरल्यावर पंप स्वतः थांबतो का, हे पाहतात. गळतीच्या उपकरणाचे चाचणी बटण त्याच वेळी दाबून बघतात, आणि तपासणीची तारीख स्विचबोर्डाच्या दारावर लिहून ठेवतात.